लेकराची झोप आणि आईची झोप

आमच्या उंद्रीकडे बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका दोन प्रश्न हमखास विचारतात. दूध पुरतं का? आणि लेकरू रात्री झोपू देतं का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं की मग सल्ले सुरू होतात. दृष्ट काढा, जायफळ उगाळून चाटवा, झोक्यात टाका, पोट भरत नसेल, वरचं दूध लावा... जितकी तोंडं तितके सल्ले. पण त्या पोरीला स्वतःला चोवीस तासांत किती झोप मिळते, हे मात्र कोणी विचारत नाही. मला विचाराल तर या विषयातला मुख्य प्रश्न तोच आहे.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, आयुष्यभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पण गेली दिवाळी मुलगा, सून आणि आठ महिन्यांचा नातू इथे येऊन राहिले, तेव्हा हा विषय घरातच आला. नातू रात्रीतून पाच-सहा वेळा उठायचा. बिचाऱ्या सुनेच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने मोबाईलवर सगळं जग वाचून काढलं होतं. एक जण म्हणतो रडू द्या, दुसरा म्हणतो रडू दिलंत तर मनावर परिणाम होईल. ती मला म्हणाली, "आई, कोणाचं खरं मानायचं?" प्रश्न रास्त होता. म्हणून जरा वाचलं, ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं, स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहिलं. त्यातून जे मत झालं, ते इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे, रात्री उठणं हा लेकराचा दोष नाही आणि आईचा तर नाहीच. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दिवस आणि रात्र यांतला फरकच कळत नसतो. तो कळायला साधारण दोन-तीन महिने जातात. पोट एवढंसं, दूध लवकर पचतं, म्हणून त्याला रात्रीही भूक लागते, आणि ती खरी भूक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये झोपेचं जे प्रमाण सांगितलं, त्यानुसार पहिल्या तीन महिन्यांत चोवीस तासांत १४ ते १७ तास आणि चार ते अकरा महिन्यांत १२ ते १६ तास झोप हवी, दिवसाची झोप धरून. ही झोप सलग हवी असं त्यात कुठेही नाही. कॅनडातल्या एका अभ्यासात (२०१८) सहा महिन्यांच्या बाळांपैकी शंभरात सुमारे ३८ बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या बाळांतही हे प्रमाण २८ होतं. आणि न झोपणाऱ्या बाळांची वाढ झोपणाऱ्यांपेक्षा काही मागे नव्हती. तेव्हा 'अमकीचं लेकरू तिसऱ्या महिन्यापासून रात्रभर झोपतं' हे ऐकून कोणी जिवाला लावून घेऊ नये.

दुसरी गोष्ट गमतीची आहे. बाळ झोपेत हसलं की आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवते. ओठ काढले की सटवाई रडवते. शास्त्रज्ञ त्याला सक्रिय झोप म्हणतात. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशी असते. त्यात ते हसतं, कण्हतं, हातपाय झाडतं, एखादा टाहोसुद्धा फोडतं, आणि तरीही झोपलेलंच असतं! आपण मात्र धावत जाऊन त्याला उचलतो, म्हणजे झोपलेल्या लेकराला आपणच जागं करतो. आमच्या सासूबाईंना सक्रिय झोप वगैरे शब्द माहीत नव्हते, पण त्या म्हणायच्या, "थांब वो, सटवाई खेळवून राह्यली, जाईन ती आपल्या वाटेनं." मिनिट-दोन मिनिटं थांबून कानोसा घ्यायचा, एवढाच त्याचा अर्थ. आजचे डॉक्टरही हेच सांगतात.

आता सवयीचं बघू. मोठ्या माणसाच्या झोपेचं एक आवर्तन दीड तासाच्या आसपास असतं, बाळाचं साधारण पन्नास-साठ मिनिटांचं. प्रत्येक आवर्तन संपलं की झोप उथळ होते, क्षणभर जाग येते. ती आपल्यालाही येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी विसरून जातो. बाळाचं तसं होत नाही. ते झोक्याच्या हेलकाव्यावर किंवा आईच्या अंगावर पीत पीत झोपलेलं असतं. जाग येते तेव्हा झोका थांबलेला असतो, आई बाजूला झालेली असते. चिखली-खामगाव एसटीत खिडकीशी डुलकी लागलेला माणूस गाडी थांबली की डोळे उघडतो, तसंच हे. गाडी परत हलेपर्यंत त्याला चैन पडत नाही. आपल्याला झोप ज्या आधाराने लागली, तोच आधार ते लेकरू मागत असतं. भूक नसते, हट्टही नसतो.

म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कसलीही शिस्त लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मागेल तेव्हा पाजावं, घ्यावं. सहा महिन्यांनंतर, वजन नीट वाढत असेल आणि डॉक्टर 'रात्री फार पाजायची गरज नाही' म्हणत असतील, तर हळूहळू आधार सुटा करायला हरकत नाही.

परदेशात यावर बरीच भवति न भवति झाली आहे. अमेरिकेत एल. एमेट होल्ट नावाच्या डॉक्टरांनी १८९४ साली आयांसाठी पुस्तक लिहिलं, त्यात बाळ सवयीने रडत असेल तर रडू द्यावं, असा सल्ला होता. पुढे १९८५ मध्ये रिचर्ड फर्बर यांनी थोडं थोडं अंतर वाढवत जाऊन बघून यायची पद्धत सांगितली. लोक ती निर्दय म्हणतात. पण न्याय करायचा तर हेही सांगायला हवं की ऑस्ट्रेलियात २०१६ साली ४३ बाळांवर झालेल्या एका लहानशा अभ्यासात या पद्धतीने बाळांवर वाईट परिणाम झाल्याचं दिसलं नाही. वर्षभराने पाहिलं तर आईबद्दलची ओढही कमी झालेली नव्हती. तेव्हा कोणी तसं केलं म्हणून ती आई वाईट ठरत नाही.

पण मला ती पद्धत आपल्या घरांत बसत नाही असं वाटतं. आपल्याकडे बाळाची वेगळी खोली कुठे असते? सगळे एकाच खोलीत झोपतात. लेकरू पाच मिनिटं रडलं तर शेजारची म्हातारी दार वाजवते. आणि दार बंद करून बाहेर उभं राहण्याची गरजही नाही. जवळ बसूनही सवय बदलता येते, फक्त दिवस जास्त लागतात.

आम्ही काय केलं ते सांगते. संध्याकाळी दिवाबत्तीनंतर घरातला गलका कमी केला, टीव्ही बंद. मग रोज त्याच क्रमाने: कोमट पाण्याने अंग पुसणं, कपडे बदलणं, दूध, आणि मग मांडीवर घेऊन अंगाई. अमेरिकेत २००९ मध्ये चारशेवर आयांना घेऊन एक अभ्यास झाला, त्यातही असा ठरलेला क्रम पाळल्यावर बाळांचं रात्रीचं उठणं कमी झालं होतं आणि आयांचं मनही बरं झालं होतं. दूध आणि झोप यांच्यामध्ये अंगाई आली, की पीत पीतच झोपायची सवय आपोआप सुटायला लागते. डोळे जड झाले, पण पूर्ण मिटले नाहीत, अशा वेळी त्याला अंथरुणावर ठेवायचं आणि पाठीवर-पोटावर हात ठेवून थोपटायचं. झोका एकदम बंद केला नाही. आधी जोरात, मग हळू, मग नुसता हात लावून, असं करत पंधरा दिवसांत सुटला. रात्री उठला तर दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, मोबाईलचा उजेड तर मुळीच नाही. आधी हात ठेवायचा, नाही थांबला तर उचलायचं. दिवसा मात्र भरपूर उजेडात ठेवायचं आणि पोटभर खाऊ घालायचं.

तीन आठवड्यांत पाच-सहाचं एक-दोनवर आलं. मध्ये दात येताना पुन्हा बिघडलं, ते होणारच. ताप असेल, कान दुखत असेल, उलट्या होत असतील, लेकरू मलूल दिसत असेल, तर ती सवय नव्हे, दवाखान्याची वेळ आहे. आणखी एक सांगते. बाळाला उताणं झोपवावं, टणक अंथरुणावर. पहिल्या वर्षात तोंडाजवळ जड गोधड्या, मऊ उशा नकोत. आपली मोहरीची उशीही त्यात आलीच.

आता त्या जायफळाविषयी आणि चमचाभर औषधाविषयी. हे लिहिताना मला जरा राग येतो, पण लिहायलाच हवं.

लेकराला गुंगी आणून झोपवायचा प्रकार जुना आहे. मुंबई सरकारने गिरण्यांतल्या बायकांच्या बाळंतपणाची चौकशी करायला बार्न्स नावाच्या डॉक्टर बाईंना नेमलं होतं. त्यांचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नोंद अशी की या बायकांच्या १०० पैकी ९८ बाळांना अफू दिली जात होती! अफूच्या त्या गोळीला 'बालागोळी' म्हणत. आपल्याला वाटेल, काय त्या आया! पण विचार करा. दिवसभर साच्यावर उभं राहायचं, बाळ चाळीत कोणा म्हातारीजवळ किंवा गिरणीतच कोपऱ्यात. रात्री खोलीत आठ-दहा माणसं, सकाळी पुन्हा भोंगा. त्या बाईला झोपच मिळत नव्हती आणि कोणी मदतीलाही नव्हतं. लेकराला अफू मिळत होती, कारण आईला विसावा मिळत नव्हता. याच मुंबई इलाख्यात १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याच्या बाजूने १९२८ मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. अफूवर खरा इलाज तो होता: आईच्या हाती वेळ देणं.

आज बालागोळी गेली, पण सर्दी-खोकल्याच्या बाटलीने तिची जागा घेतली आहे. 'एक चमचा दिलं की रात्रभर गाढ झोपतं' असं मी आमच्या भागात स्वतः ऐकलं आहे. ती झोप नव्हे, गुंगी आहे. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना देऊ नये अशी सूचना छापायला केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं. २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे भेसळीच्या सिरपने २० हून अधिक लेकरं दगावली, त्यांतली काही नागपूरला उपचारासाठी आणली होती. ती औषधं झोपेसाठी दिलेली नव्हती, हे खरं. पण बाटलीतलं सगळं निर्धोक असतं, हा समज तरी त्यामुळे जायला हवा. जायफळही फार झालं तर विषारी असतं, आणि सहाणेवर किती वळसे म्हणजे फार, हे कोण सांगणार? गुटीत मध तर वर्षाच्या आत नकोच. पहिले सहा महिने आईचं दूध, बस्स.

तर मग उपाय काय? माझ्या मते निम्मा उपाय बाळाच्या सवयीत आहे आणि निम्मा घराच्या सवयीत. नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा मिळते. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला ती कुठली? तिला पहिल्या बाळाला पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याने. ती बाभळीला झोका बांधून दिवसभर कामाला लागते आणि रात्रीही तीच उठते. तिला 'लेकराला सवय लाव' म्हणणं सोपं आहे. सवय लावायला पंधरा रात्री जागणारं दुसरं माणूस लागतं.

ते दुसरं माणूस घरातच असतं, आणि बहुतेक वेळा घोरत असतं! आमच्या नातवाला रात्री दोननंतर थोपटायचं काम मुलाने घेतलं. बाळ वडिलांच्या हाताने लवकर झोपायला लागलं, कारण त्या हाताला दुधाचा वास नव्हता. आजी-आजोबांना पहाटे झोप नसतेच, त्यांनी पाचनंतर लेकराला ओसरीवर घेऊन बसावं. म्हणजे आईला सलग चार-पाच तास मिळतात. एवढ्यानेही माणूस माणसात येतो. आणि बाळंतिणीला झोप मिळूनही झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते नखरे समजू नयेत, डॉक्टरांना दाखवावं.

जावई, मुलगे, भाऊ हे वाचत असतील तर त्यांना एकच सांगणं आहे. आज रात्री दोन वाजता लेकरू उठलं, की पांघरूण डोक्यावर ओढू नका. दूध तुमच्याकडे नाही, हे कबूल. हात तर आहे ना?