जुना गुन्हा सांगायलाच हवा, पण विचारणाऱ्यानेही नीट विचारावं

शाळा, पाळणाघर किंवा क्रीडा प्रबोधिनीत नोकरी मागणाऱ्याने आपला जुना गुन्हा अर्जात सांगावा का? एक पक्ष म्हणतो, शिक्षा भोगली, हिशेब फिटला, आता जुनं उकरू नका. दुसरा म्हणतो, ज्याची पोलिसांत कधीही नोंद झाली, त्याला मुलांच्या आसपास फिरकू देऊ नका. हे दोन्ही पक्ष चुकतात.

शिक्षेने समाजाचं देणं फिटतं, हे मान्य. पण म्हणून प्रत्येक कामावरचा विश्वास आपोआप परत मिळत नाही. समोरचा मोठा माणूस कसा आहे हे पाच वर्षांच्या मुलाला पारखता येत नाही, आणि नकोसा वाटला तरी त्याला टाळता येत नाही. ती पारख संस्थेने करायची असते. माणूस बदलत नाही असं नव्हे. पण आपण बदललो, हा निकाल त्याने स्वतःच देऊन चालत नाही.

‘मग पोलीस पडताळणी आहेच की!’ हा पुढचा आक्षेप. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो नियम, २०२० नुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने शिक्षक-शिक्षकेतर, कायम-कंत्राटी अशा सर्वांची ठरावीक काळाने पडताळणी करायलाच हवी. पण दप्तरात असेल तेवढंच दाखल्यात उतरतं. इंग्लंडमधल्या सोहम गावात २००२ साली दोन मुलींचा खून करणारा इयन हंटली शाळेचा केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध पूर्वी लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी होत्या, पण त्यांत तो दोषी ठरला नव्हता आणि शाळेपर्यंत काहीच पोचलं नाही. पोलिसांनी नोंदी कशा हाताळल्या, याचे वाभाडे बिचर्ड चौकशी अहवालाने २००४ मध्ये काढले. असा माणूस अर्जात खरं लिहील, अशी आशा भाबडी आहे. तरीही लेखी घोषणा हवी, कारण ती खोटी ठरली तर संस्थेला कारवाईसाठी ठोस आधार मिळतो. घोषणा, पोलीस दाखला, आधीच्या मालकाकडे विचारपूस आणि रोजची देखरेख या चारही गोष्टींनी एकमेकींची उणीव भरून काढायची असते.

आता ‘सरसकट बंदी’वाल्यांकडे वळू. त्यांच्या नियमाने सुक्याबरोबर ओलंही जळतं. मुलांवर अत्याचार केल्याबद्दल दोषी ठरलेल्याला इथे जागा नाही, यावर चर्चाच नको. पण विशीत मोर्चात घोषणा दिल्याचा खटला आणि तो गुन्हा एकाच पारड्यात कसे घालता येतील? नोकरीच्या अर्जात गुन्ह्याची माहिती लपवण्याबद्दलच्या अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद केला. माहिती खरी हवी, खरी सांगितली तरी पूर्वेतिहास तपासण्याचा मालकाचा अधिकार कायम आहे. पण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब लपवली गेली, तर ती माफ करण्याची मुभाही आहे. शिवाय अर्जातला प्रश्न मोघम नव्हे, नेमका हवा. बाल न्याय अधिनियम, २०१५ तर काही गंभीर अपवाद वगळता बालवयातल्या अपराधामुळे पुढे अपात्रता येऊ देत नाही. खरं बोललं की नोकरी गेलीच, अशी खात्री असेल तर अशा अर्जाने फक्त प्रामाणिक माणूस गळतो. लबाड ‘नाही’ लिहून आत शिरतो.

म्हणून माझं म्हणणं असं: ‘कधी पोलीस केस झाली का?’ असा मोघम प्रश्न नको. कोणत्या प्रकारचे गुन्हे, दोषी ठरलेले की प्रलंबित, हे अर्जातच स्पष्ट असावं. उत्तर नेमलेल्या दोघा-तिघांनीच वाचावं, त्याची शिक्षकांच्या खोलीत चर्चा होऊ नये. गुन्ह्याचं स्वरूप, त्या वेळचं वय, मधली वर्षं, नंतरचं वागणं आणि कामात मुलांशी येणारा एकांत पाहून निर्णय व्हावा आणि त्याची कारणं लेखी नोंदवावीत. आणि हे सगळं व्हॅनचालक, सफाई कामगार, शिपाई यांनाही लागू असावं. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या बाल-अत्याचार प्रकरणात आरोप कंत्राटी सफाई कामगारावरच झाला होता. ‘माणूस कंत्राटदाराचा’ म्हणून संस्थेला हात झटकता येणार नाहीत.

उमेदवाराने खरं सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे, आणि ते विचारपूर्वक तोलणं हे संस्थेचं. दुसरं कर्तव्य टाळणाऱ्या संस्थेने पहिल्याची अपेक्षा ठेवू नये.