धुराची बाराखडी

मृग नक्षत्र लागून पहिल्या सरींनी मळे भिजले, की पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या खेड्यांतून एके काळी जोतांची लगबग सुरू होत असे. आज त्या जोतांची जागा बहुतांशी ट्रॅक्टर व पॉवर टिलर यांनी घेतली आहे. त्याबद्दल हळहळण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. मजूर मिळेनासे झाले, घरातील तरुण नोकरीस लागले आणि बैलजोडी पोसणे परवडेनासे झाले. अशा स्थितीत यंत्र आले नसते तर अनेक शेते पडीकच राहिली असती. परंतु यंत्राबरोबर एक दृश्यही आपल्या अंगवळणी पडले आहे. बांधाच्या कडेला ट्रॅक्टर उभा आहे, चालक चहा पीत आहे किंवा पुढच्या शेतमालकाशी दराची बोलणी करीत आहे, आणि इंजिन मात्र अर्धा अर्धा तास चालूच आहे. सायलेन्सरमधून धूर निघतो. कोणी त्याच्याकडे पाहत नाही. हा विषय अग्रलेखासाठी क्षुद्र आहे असे काहींना वाटेल. शेतकऱ्याच्या खिशातून थेंबाथेंबाने जे गळते, ते क्षुद्र आहे असे आम्हांला वाटत नाही.

मध्यम ताकदीचा ट्रॅक्टर काही काम न करता नुसता चालू राहिला, तरी तासाला साधारणपणे एका लिटरच्या आगेमागे डिझेल जाळतो. हंगामाचे साठ दिवस धरले आणि दररोज एकच तास असा वाया गेला असे मानले, तर साठ लिटर डिझेल एक वीतभरही जमीन न नांगरता हवेत गेले. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठल्यापासून हा खर्च अंगावर घेणारा दुसरा कोणी उरलेला नाही. तो प्रथम ट्रॅक्टरमालकाच्या आणि नंतर भाड्याच्या रूपाने लहान शेतकऱ्याच्या माथी बसतो. दोन-तीन भातखाचरांचा धनी असलेल्या माणसाला भाड्यातील शेपन्नास रुपयांची वाढही शेती करावी की सोडावी या निर्णयापर्यंत नेऊ शकते.

इंधनाचा अपव्यय हा मात्र हानीचा अर्धाच भाग होय. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा अतिशय दाबली गेल्याने ती तापते आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. रूडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनाचे हे मूलतत्त्व आजही कायम आहे. इंजिनावर भार नसला की त्याचे अंतरंग पुरेसे तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खालच्या ऑइलमध्ये मिसळतो. ऑइल पातळ होते, नोझलच्या तोंडाशी काजळी धरते, रिंगा आपल्या खाचांत चिकटू लागतात. म्हणजे ज्याला आपण विश्रांती समजतो, तीच यंत्राची झीज असते. पुढे भार पडताच इंजिन धूर ओकू लागते आणि मालक म्हणतो, ‘काल तर चांगले होते!’

मग चालक इंजिन बंद का करीत नाही? त्याला आळशी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. पुष्कळदा खरे कारण बॅटरीत असते. बॅटरी दुबळी झालेली असते, खाऱ्या हवेने तिची टोके गंजलेली असतात, आणि एकदा बंद केलेले इंजिन भर शेतात पुन्हा सुरू होईल याची त्याला खात्री नसते. दुसरे कारण गैरसमजाचे. इंजिन सुरू करताना फार डिझेल लागते, त्यापेक्षा ते चालू ठेवलेले बरे, ही समजूत गावोगाव आढळते. वास्तविक गरम इंजिन सुरू करण्यास लागणारे डिझेल नगण्य असते. चार-पाच मिनिटांहून अधिक थांबावयाचे असेल तर इंजिन बंद करणेच हिताचे. याला अपवाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. सकाळी सुरू केल्यावर ऑइल सर्वत्र पोहोचावे म्हणून मिनिट-दोन मिनिटे, आणि जड कामानंतर, विशेषतः टर्बो असलेल्या इंजिनाला, थंड होण्यासाठी दोन-तीन मिनिटे ते रिकामे चालविणे योग्यच आहे. आपल्या हवामानात त्याहून अधिक काळ इंजिन तापवीत बसण्याचे प्रयोजन नाही.

आता धुराकडे वळू. धूर ही इंजिनाची तक्रार असते आणि ती तीन रंगांत व्यक्त होते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त व हवा कमी. एअर क्लीनर कोंदला असेल, नोझल डिझेलचा फवारा न उडविता नुसते थेंब गाळीत असेल, अथवा यंत्रावर शक्तीबाहेरचे ओझे टाकले असेल. भार पडताना क्षणभर काळा झोत आला तर ते स्वाभाविक आहे. तो सतत येत राहिला तर चिंतेचा विषय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले असू शकतात; परंतु ऑइल खुणेपेक्षा अधिक भरले तरीही तोच धूर येतो. तेलाचा एअर क्लीनर असलेल्या जुन्या ट्रॅक्टरात त्याच्या वाटीतील तेल खुणेच्या वर गेले, तर तेही आत ओढले जाऊन जळते. पांढरा धूर थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ दिसतो व विरतो. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर न पेटलेले डिझेल किंवा पाणी बाहेर पडत आहे असे समजावे. नोझल, पंपाचे टायमिंग, कमी झालेले कॉम्प्रेशन अथवा डिझेलमध्ये शिरलेले पाणी ही त्याची कारणे असू शकतात. रेडिएटरचे पाणी वरचेवर कमी होत असेल आणि ऑइल दुधासारखे दिसत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि इंजिन तत्काळ थांबवावे.

या तपासाला एक क्रम असतो, आणि शेतकऱ्याचे हित त्या क्रमातच आहे. धूर कोणत्या रंगाचा, कोणत्या वेळी आणि किती काळ, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम घ्यावीत. नंतर ज्याला पैसे लागत नाहीत किंवा नाममात्र लागतात ते पाहावे: एअर क्लीनर, ऑइलची पातळी, रेडिएटरचे पाणी, डिझेल फिल्टर, टाकीच्या तळाचे पाणी. त्यानंतर नोझल काढून चाचणी-यंत्रावर त्याचा फवारा तपासावा. मग व्हॉल्व्हचे अंतर व पंपाचे टायमिंग, त्यानंतर कॉम्प्रेशनची मोजणी, आणि हे सर्व झाल्यावरच इंजिन उतरविण्याची भाषा. प्रत्यक्षात अनेकदा उलटेच घडते. धूर निळा दिसला की कोणतीही चाचणी न करता ‘रिंग-पिस्टन गेले’ असा निवाडा मिळतो. ऐन चिखलणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आठ-दहा दिवस अडकून पडतो. बिलाचा आकडा तर मोठा असतोच. पण पाऊस, रोपे व लावणीचे मजूर कोणासाठी थांबत नाहीत, हे नुकसान त्या बिलात कोठेही लिहिलेले नसते. सर्वच मिस्त्री लबाड असतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अनेकांनी केवळ हाताच्या अनुभवावर गावाची शेती चालती ठेवली आहे. परंतु ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याला मिळेल ते उत्तर मान्य करावे लागते.

लाकडी नांगर मोडला तर तो दुरुस्त करणारा सुतार वाड्यावरच असे. फाळ बोथट झाला तर लोहाराच्या भात्यापाशी बसून शेतकरी त्याचे काम डोळ्यांनी पाही. अवजाराचे ज्ञान अवजाराच्या शेजारीच राहत असे. ट्रॅक्टर आला तो अनुदान, कर्ज व कागदपत्रे घेऊन; त्याचे ज्ञान मात्र शहरातील कार्यशाळेतच राहिले. कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्रीय उप-अभियान २०१४-१५ पासून सुरू झाले, त्यातून यंत्रे खरेदी करणे पुष्कळांना शक्य झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. ट्रॅक्टर चालविण्या-दुरुस्तीचे शिक्षण देशाला नवीन आहे असेही नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ सालीच त्यासाठी केंद्र स्थापन झाले होते. उणीव आहे ती हे शिक्षण मळ्याच्या बांधापर्यंत आणण्याची.

शेतकऱ्याने मिस्त्री व्हावे काय, असा आक्षेप येईल. तसे कोणीच म्हणत नाही. ताप कधी चढतो, कधी उतरतो हे वैद्याला नीट सांगणारा रोगी स्वतः वैद्य होत नाही. पण त्याचा उपचार चुकण्याचा संभव कमी होतो. शिवाय काही कामे घरच्यांनी करू नयेत हेही शिकविले पाहिजे. नोझलमधून उडणाऱ्या डिझेलचा दाब एवढा असतो की ते हाताच्या कातडीत घुसून गंभीर इजा करते. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना अधिक कडक धूरनियम लागू झाले आहेत. त्यांच्या इंजिनांतील इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणेला अनभिज्ञ हात लागता कामा नये. त्यांपैकी काहींत धूर गाळणारी व्यवस्थाही असते, आणि इंजिन दीर्घकाळ रिकामे चालविल्यास तीच आधी कोंदते. नवे यंत्र घेतल्याने जुनी सवय निर्धोक होत नाही.

आणखी एक गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. तो धूर सर्वांत जवळून घेतो तो चालक, आणि त्याच्या मागोमाग चिखलात वाकून लावणी करणाऱ्या स्त्रिया. बंद पडवीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवणे तर साक्षात विषवायूला आमंत्रण होय.

काय करावयास हवे ते अवघड नाही. प्रत्येक तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पावसापूर्वी, कृषी खात्याने ट्रॅक्टर व टिलर यांचे तपासणी शिबिर भरवावे. तेथे नोझल तपासण्याचे साधन असावे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकचे विद्यार्थी असावेत, आणि तपासणीचा निष्कर्ष मालकाच्या हाती मराठीत वा कोकणीत लिहून द्यावा. अनुदानाचा धनादेश देण्यापूर्वी मालक व चालक या दोघांनाही दोन दिवसांचे शिक्षण सक्तीचे करावे. चालकाला वगळल्यास सारे व्यर्थ, कारण किल्ली त्याच्याच हाती असते. दुरुस्ती करणाऱ्याने काढलेले जुने भाग ग्राहकास परत द्यावेत व बिल तपशीलवार लिहावे, हा दंडक सहकारी संस्थांनी आपल्या सभासदांपुरता तरी घालून द्यावा.

शेतकऱ्यांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. डिझेलची पिंपे पावसात उघड्यावर ठेवू नयेत. दिवसाचे काम संपताच टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यात रिकाम्या टाकीच्या अंगी दव धरून पाणी साचत नाही. बॅटरीची टोके आठवड्याला पुसावीत. आणि सकाळी इंजिन सुरू झाल्यावर क्षणभर मागे सरून सायलेन्सरकडे पाहावे.

गोव्याची शेती टिकावी असे सर्वच पक्षांचे पुढारी व्यासपीठावरून सांगतात. ती टिकणार असेल तर असल्याच लहान गोष्टींवर. यंदाचा मृग कोरडा जातो की भिजवून जातो हे आपल्या हाती नाही. परंतु पुढच्या मृगाआधी एखादे शिबिर भरविणे, आणि आज बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची किल्ली फिरविणे, हे निश्चितच आपल्या हाती आहे.