घरखर्चाची वही : कपभर चीज म्हणजे किती ग्रॅम?

आमच्या वस्तीतील महिला बचत गटाला एका स्नेहसंमेलनासाठी ६० चीज सँडविचची ऑर्डर मिळाली. कृती मोबाईलवर पाहून कागदावर उतरवून घेतली होती. ६ सँडविचला १ कप किसलेले चीज, म्हणजे ६० ला १० कप. येथपर्यंत हिशेब बरोबर. मग कोणीतरी सांगितले, कप म्हणजे ८ औंस आणि औंस म्हणजे २८ ग्रॅम. झाले! कपाला २२७ ग्रॅम धरून सव्वादोन किलो चीज आणले. किसायला बसल्या तर निम्म्यातच १० कप भरले. उरलेला किलोभर माल दुकानदार परत घेईना. फ्रिज दोघींच्याच घरी. नफा त्यातच गेला. वही माझ्याकडे आली तेव्हा भगिनी एकमेकींना बोल लावत होत्या.

चूक औंसाची होती. औंस दोन असतात. एक पातळ पदार्थ मापण्याचा, दुसरा वजनाचा. अमेरिकन कपात ८ औंस मावतात ते पहिल्या जातीचे, सुमारे २३७ मिलिलिटर. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. पाणी मापले तर दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे फरक ध्यानात येत नाही. पण किसलेल्या चेडरसारख्या चीजचा कप साधारण ४ औंस, म्हणजे ११३ ग्रॅमच भरतो.

असे का, हे घरातील म्हाताऱ्या माणसांना विचारा. पायलीभर ज्वारी डोक्यावर घेऊन बघा आणि त्याच पायलीने मापलेले चुरमुरे घेऊन बघा. चीजच्या किसातही निम्म्याहून अधिक जागा हवेची असते. किसणीची भोके बारीक असली, किस मोकळा पडला, की वजन आणखी कमी. बोटाने दाबून भरला की जास्त. उलट मलईसारखे क्रीम चीज कपात फट ठेवत नाही, ते २२५ ग्रॅमच्या आसपास बसते. नाव दोन्हींचे चीजच! कृतीत कोणते लिहिले आहे ते आधी वाचावे. आपला चहाचा कप तर यात धरूच नये, तो बहुधा बराच लहान असतो.

काटा नसला तरी अडत नाही. २०० ग्रॅमच्या पाकिटात २५ ग्रॅमच्या ८ वड्या येतात. त्यातील २ वड्या, म्हणजे ५० ग्रॅम, आपल्याच किसणीवर किसाव्यात आणि न दाबता आपल्या वाटीत भराव्यात. कुठवर आले तेथे खूण करून वहीत लिहून ठेवावे. एकदाच करायचे काम आहे. अमेरिकन कपासाठी साडेचार वड्या धरल्या तरी चालते. वड्या नसून लांब लादी असेल तर सुरीने सारखे चार भाग पाडावेत. २०० ग्रॅमच्या लादीचा एक भाग ५० ग्रॅमचा.

गटाच्या वहीत आता १० कपांपुढे १ किलो १३० ग्रॅम असे लिहिले आहे. एका सँडविचला १९ ग्रॅम पडते. पुढची ऑर्डर ४० ची आहे. भगिनींनी माझ्याआधीच आकडा काढला : ७५५ ग्रॅम, म्हणजे ४ पाकिटे.