घराच्या पोटातला जिना

मंडळी, आमच्या चिरंजीवांनी डुप्लेक्स बघून ठेवलाय. लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत, पुढच्या सोळा पायऱ्या घरातल्या घरात! खाली दिवाणखाना नि स्वयंपाकघर, वर तिन्ही बेडरूम. त्यातलीच एक आमची.

"बाबा, आपल्या वाड्यात नव्हती का माडी?" होती ना! पण आजी माजघरालगतच्या खोलीत निजायची. माडी तरण्यांची नि पाहुण्यांची.

मला दुमजली फ्लॅटचं वावडं नाही. ल कॉर्बुझिएची मार्सेची इमारत १९५२ साली पुरी झाली. तिथं दुमजली घरं एकमेकांत अशी गुंतवलीत की कॉरिडॉर दर तिसऱ्या मजल्याला एकच लागतो, आणि बहुतेक घरांना दोन्ही बाजूंनी उजेड मिळतो. मुंबईत चार्ल्स कोरियांच्या कांचनजंगात (१९८३) दोन मजले उंचीच्या गच्च्या ऊन-पाऊस घरापासून दूर ठेवतात. तिथं प्रत्येक गोष्टीला कारण आहे. आमच्या बिल्डरच्या जिन्याला कारण काय? म्हणे, "बंगल्याचा फील येतो."

हिचे गुडघे त्या फीलवर चढणार आहेत का? सकाळी खाली उतरली की दुपारी पाठ टेकायला पुन्हा सोळा पायऱ्या. हळूहळू ती उतरणंच सोडेल. चहा वर, जेवण वर... आणि सगळं घर खाली हसतंय.

चिरंजीव हा ब्लॉग वाचतात, म्हणून जाहीरच लिहितो. खाली एक खोली हवी, संडास-बाथरूमसकट. नाहीतर आम्ही दोघं आहोत तिथंच बरे.