मजेला कुंपण

माझं एक ठाम मत आहे. ठाम मतं असणाऱ्या माणसाला घरात कुणी विचारत नाही, म्हणून ते इथं मांडतो. ज्या मजेला कुंपण असतं आणि कुंपणाच्या दाराशी तिकीट असतं, ती मजा नव्हे, ती दुकानदारी. मजा असावी जत्रेसारखी. आत शिरायला दार नको, बाहेर पडायला घाई नको, आणि खिशात दमडी नसली तरी दिवसभर हिंडायला कुणाची ना नको.

आता शिरूर अनंतपाळच्या माणसानं अम्यूझमेंट पार्कवर कशाला बोलावं, असं कुणी म्हणेल. पण बोलायची वेळ आली आहे. १९८९ साली मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड निघालं, २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका निघालं, आणि हळूहळू आमच्याकडंही सुट्टी लागली की घराघरांतून तेच तुणतुणं ऐकू येऊ लागलं. शिरूरहून खोपोली चारशे किलोमीटरच्या पुढं. चौघांचा प्रवास, तिकिटं, मुक्काम आणि आतलं जेवण धरलं, तर सोयाबीनची पोती कुठं गेली ते कळत नाही. आतलंच जेवण अशासाठी, की अशा ठिकाणी बहुधा बाहेरचं खायला न्यायची बंदी असते. आमच्या मुलखात माणूस परगावी निघाला की भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून निघतो. त्याच्या बायकोची पिशवी दारात उघडून भाकरी बाहेर काढायला लावायची, ही कुठली करमणूक? खंडोबाच्या दारात कुणी भाकरी अडवत नाही. त्याला तर उलट भरीत-रोडगाच लागतो.

हे कुंपण मुळात नव्हतं. आद्य फनफेअर म्हणजे आपली मयसभा. पाणी वाटावं तिथं फरशी, फरशी वाटावी तिथं पाणी, दार वाटावं तिथं भिंत. दुर्योधन तिथं फुकट शिरला, फुकट पाण्यात पडला आणि लोक फुकट हसले. पुढं त्याचा खर्च फार आला, ही गोष्ट वेगळी.

पाळण्याचंही तसंच. पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६१५ साली कॉन्स्टँटिनोपलला रमझानच्या उत्सवात अशाच उभ्या फिरणाऱ्या चाकात बसला होता. शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या इंजिनिअरनं ते चाक लोखंडात उभं केलं ते १८९३ साली. पॅरिसच्या आयफेल टॉवरला तोंड द्यायचं होतं ना! उंची २६४ फूट, छत्तीस डबे, एकेका डब्यात साठ माणसं. चाक गाजलं. फेरिस बिचारा पैशांच्या विवंचनेत १८९६ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी गेला, आणि १९०६ साली ते चाकही सुरुंग लावून पाडलं. जगानं मात्र पाळण्याला नाव त्याचंच लावलं.

कुंपणाची अक्कल निघाली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर. तोवर तिथल्या समुद्रकिनारी सगळे खेळ सुटे असत. ज्यात बसाल त्याचे पैसे द्या. १८९५ साली कॅप्टन पॉल बॉयटन यानं आपल्या खेळांभोवती कुंपण घातलं आणि दारातच पैसे घ्यायला सुरुवात केली. त्याच किनाऱ्यावरचा जॉर्ज टिल्यू त्याच्याही पुढचा. १९०७ साली त्याचं पार्क आगीत खाक झालं, तर या पठ्ठ्यानं बाहेर पाटी लावली, की जळते अवशेष बघायचे दहा सेंट! कुंपण एकदा डोक्यात शिरलं की माणूस राखेलासुद्धा तिकीट लावतो.

आता आमची माळेगावची यात्रा बघा. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात खंडोबाची भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार, तमाशाच्या राहुट्या, कुस्त्यांचे फड, बांगड्यांची दुकानं आणि सगळ्यांच्या वर डोकं काढून उभा असलेला पाळणा. लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेतही पोरं पहिल्यांदा पाळणाच शोधतात. पैसे पडतात, पण ज्याला बसायचंय त्यालाच. वर गेलेल्या मेहुण्यानं देवाचा धावा सुरू केला की तो खाली उभं राहून ऐकायला काही पडत नाही. तशीच ती मौत का कुआँ. लाकडी फळ्यांच्या विहिरीत उभ्या भिंतीवर मोटारसायकल फिरते. वेग जितका जास्त तितका चाकांचा भिंतीवरचा रेटा जास्त, रेट्यानं घर्षण वाढतं आणि गाडी खाली येत नाही. शाळेत मास्तरांनी फळाभर आकृत्या काढूनही जे डोक्यात गेलं नव्हतं, ते विहिरीच्या कठड्यावरून तीन मिनिटांत गेलं.

तुम्ही म्हणाल, जत्रेतल्या पाळण्याचे बोल्ट गंजलेले असतात. खरं आहे. अपघात होतात, माणसं जायबंदी होतात, प्रसंगी जिवानिशी जातात. इथं थट्टेला जागा नाही. पण त्याचा इलाज म्हणजे यात्रेआधी सरकारी इंजिनिअरनं पाना घेऊन बोल्ट तपासावेत आणि तपासल्याची तारीख पाळण्यावर टांगावी. पाळणाच नको, हा इलाज नव्हे. एस.टी.चं टायर फुटतं म्हणून लातूरला कुणी बैलगाडीनं जात नाही.

बैलगाडीवरून आठवलं. कुंपण आता शेतापर्यंत आलंय. थंडीत मोठ्या रस्त्यांच्या कडेला 'हुरडा पार्टी'चे फलक लागतात. माणशी तिकीट, त्यात आगटीवरचा हुरडा, बैलगाडीची एक फेरी आणि वर रेन डान्स. आमच्या मामांना मी असा एक फलक वाचून दाखवला.

"हुरडा इकत खायलेत?" मामा म्हणाले. "आन् गाडीत बसायचे पैसे कोन कोनाला देतंय?"

"बसणारा देतो, मामा."

"मंग मी जलमभर बसलोय. माझ्याकडं किती निघतेत रं?"

रेन डान्सचा अर्थ मी मामांना सांगितला नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ती गाडी येते कधी म्हणून ज्यांनी वाट पाहिली, त्यांना कसं सांगायचं, की हल्ली लोक नळातून पाऊस पाडतात आणि तिकीट काढून त्याखाली नाचतात? हुरड्यातून शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर जरूर मिळोत. पण ते हुरड्याचे मिळोत, पाणी उधळल्याचे नकोत.

तेव्हा माझं मागणं फार नाही. यात्रेच्या मैदानांचे प्लॉट पाडू नका. तिथं दिवाबत्ती आणि प्यायचं पाणी ठेवा. पाळणेवाल्याला जागा द्या आणि त्याचे बोल्ट तपासा. आणि वेशीवर लाल बदामासकट 'आय लव्ह' अमुक गाव अशी पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरं उभी करायला जो पैसा लागतो, त्यात यात्रेला येणाऱ्या बायाबापड्यांसाठी आधी चार संडास बांधा. गावावर प्रेम आहे हे त्यातून जास्त लवकर कळेल, आणि फोटो काढून कुणाला दाखवायची गरज पडणार नाही.