पडीक रानाचा धनी

हंगेरीच्या सपाट मैदानी प्रदेशात जेमतेम अर्धा मीटर लांबीचा एक साप राहतो. करड्या अंगावर पाठीच्या मधोमध गडद नागमोडी पट्टा; आहार मुख्यतः नाकतोडे, रातकिडे आणि सरडे. कुळाने तो आपल्याकडील घोणशीचा दूरचा आप्त; परंतु त्याचे विष माणसासाठी प्राणघातक मानले जात नाही. १८९३ मध्ये या सापाला मिळालेले शास्त्रीय नाव बुडापेस्टजवळच्या राकोश मैदानावरून आले. तेथे आता शहर पसरले आहे. लोकभाषेतील त्याच्या नावाचा अर्थ मात्र ‘पडीक रानातला साप’ असा होतो.

या ‘पडीक’ शब्दातच त्याचे दुर्दैव होते. पडीक भूमी म्हणजे वाया गेलेली भूमी, असे समजून कुरणे नांगरली गेली. काही ठिकाणी त्यांवर झाडे लावली गेली. गवत कापणारी यंत्रे जमिनीलगत फिरू लागली. ऑस्ट्रियातून हा साप नाहीसाच झाला. हंगेरीने १९७४ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण दिले, तरीही त्याची संख्या घटतच राहिली. जीव घेण्यास बंदी झाली होती. त्याचे घर मात्र सुरक्षित झाले नव्हते.

२००४ मध्ये तेथील पक्षी व निसर्ग संरक्षण संस्थेने कुनपेसेर गावाजवळ या सापाचे प्रजनन केंद्र उभारले. युरोपीय संघाने अर्थसाहाय्य दिले. निसर्गातून आणलेले मोजके प्रौढ साप एवढेच मुद्दल. या सापाची मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. ही पिल्ले कुंपण घातलेल्या गवताळ आवारात वाढविली गेली आणि २०१० पासून त्यांना मोकळ्या कुरणात सोडण्यास प्रारंभ झाला.

परंतु सोडायचे तर आधी कुरण हवे. म्हणून काही शेतांत पुन्हा गवत आणले गेले आणि कुरणांवर लावलेली झाडे काढण्यात आली. सापासाठी झाडे तोडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण ज्याचे जीवन उन्हात आणि गवतात, त्याला सावलीचे रान परकेच. त्याच कुरणांत माळढोकाच्या कुळातील मोठा पक्षीही वावरतो. एकासाठी राखलेले गवत दुसऱ्याच्याही उपयोगी पडते.

जीव न मारणे ही दयेची पहिली पायरी होय. त्याला राहण्यास जागा ठेवणे ही दुसरी. आणि तिच्यासाठी माणसाला स्वतःच्या लाभाचा काही भाग सोडावा लागतो.