मोबाईल आला कुठून?

मोबाईल आला आणि संवाद संपला, अशा अर्थाचं वाक्य नसलेला दिवाळी अंक आता सापडणं कठीण. पूर्वी ही तक्रार साठीतले लेखक करत. हल्ली एम.ए., पीएच.डी. करणारी मुलंमुलीही तीच करतात. अनुवादासाठी माझ्याकडे येणाऱ्या त्यांच्या लेखांतला दिवस ठरलेला असतो: उशाशी फोन, डोळे उघडताच व्हॉट्सॲप, वर्गाच्या ग्रुपवर पडलेली पीडीएफ, ती उघडण्याआधी तासभर इन्स्टाग्राम, रात्री अपराधी वाटणं, आणि शेवटी आठवडाभर फोन बंद ठेवण्याचा संकल्प. लेख प्रामाणिक असतात. माझं भांडण त्यांतल्या एका क्रियापदाशी आहे. ते क्रियापद म्हणजे ‘आला’.

वीज आली, एसटी आली, टीव्ही आला, मोबाईल आला. मराठीत तंत्रज्ञान पावसासारखं येतं. ते कोणी बनवलं, कोणासाठी, किती पगारावर, हे त्या वाक्याला विचारता येत नाही. कारण वस्तू स्वतःच कर्ता होऊन दारात उभी असते. हिंदीत ‘आया’, तमिळमध्ये ‘वंददु’. अनुवाद करताना हे क्रियापद कुठेच अडत नाही. जे इतक्या सहज या भाषेतून त्या भाषेत जातं, त्याच्याकडे जरा संशयानं पाहायला हवं.

मोबाईल कुठून आला, याचं एक उत्तर चेन्नईहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर, चाळीसेक किलोमीटरवर आहे. श्रीपेरुंबुदूर. मराठी वाचकाला हे नाव दोन कारणांनी माहीत असतं: रामानुजाचार्यांचं जन्मस्थान, आणि 21 मे 1991 रोजी राजीव गांधींची हत्या झाली ते गाव. तिसरं कारण आपल्या खिशात आहे. नोकियाचा कारखाना इथे 2006 मध्ये सुरू झाला आणि 2014 मध्ये बंद पडला. आज इथेच फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. सगळेच फोन इथले नसतात, काही नोएडाचे असतात. पण पत्ता प्रत्येकाला असतो.

आयफोन जोडणाऱ्यांत बहुसंख्य तरुण मुली आहेत. वय साधारण आपल्या एम.ए.च्या विद्यार्थिनीचंच. त्याही घरापासून दूर हॉस्टेलवर राहतात, मेसचं जेवतात, रिचार्ज संपायच्या आत आईशी बोलून घेतात, रात्री रील पाहतात. ‘मोबाईलमध्ये बुडालेली पिढी’ म्हणून आपण जिला नावं ठेवतो, त्यात या दोघीही येतात. फरक इतकाच, की एकीच्या बोटांखाली फोन सुरू होतो, तर दुसरीच्या बोटांखाली तो तयार होतो. आपल्या ललितलेखात फक्त पहिली असते.

डिसेंबर 2021 मध्ये दुसरी रस्त्यावर आली. फॉक्सकॉनच्या कामगार राहत असलेल्या एका हॉस्टेलवर विषबाधा झाली आणि 159 जणींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यांच्यातल्या काही दगावल्या, अशी बातमी समाजमाध्यमांवरून पसरली. ती खोटी होती. पण मैत्रिणी कुठे आहेत, कशा आहेत, हे कळण्याची दुसरी भरवशाची सोय नसली की अफवेला बळ मिळतं. हजारो कामगारांनी महामार्ग अडवला. सुमारे 17,000 माणसं काम करत असलेला कारखाना बंद राहिला. अ‍ॅपलनं जाहीर केलं, की काही हॉस्टेल आणि जेवणाच्या खोल्या आपल्या निकषांत बसत नाहीत. जानेवारी 2022 मध्ये कारखाना पुन्हा सुरू झाला.

आता सांगा, इथे समाजमाध्यम म्हणजे काय? टाइमपास? व्यसन? की मैत्रीण जिवंत आहे का, हे विचारायची एकमेव खिडकी? ‘सोशल मीडियानं माणूस एकटा पडला’ हे वाक्य या मुलींना लावून पाहा. ते लागू पडत नाही, कारण ते ‘माणूस’ म्हणतं तेव्हा स्वतःची खोली, स्वतःचा वेळ आणि हाक मारली तर धावून येणारं कोणीतरी असलेला माणूसच गृहीत धरतं.

याच पट्ट्यात सप्टेंबर 2024 मध्ये सॅमसंगच्या फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्यातल्या हजाराहून अधिक कामगारांनी 37 दिवस संप केला. आपली संघटना मान्य व्हावी, ही त्यांची मुख्य मागणी होती. म्हणजे बोलायची जागा मागणारी माणसं आहेत. संवाद संपलेला नाही, आपल्याला तो ऐकू येत नाही.

यावर मला उत्तर मिळतं, की साहित्य म्हणजे कामगार संघटना नव्हे. मान्य. पण मराठी साहित्यानं गिरणीकडे कधी ‘गिरणी आली’ एवढ्यावर पाहिलं नाही. गिरणीत राबलेल्या नारायण सुर्व्यांनी 1966 च्या संग्रहाला नाव दिलं ‘माझे विद्यापीठ’. अण्णा भाऊ साठ्यांनी 1958 मध्ये मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं, ते श्रमिकाला मध्यभागी ठेवून. ज्या भाषेला कापडामागचा मागवाला दिसत होता, तिला काचेमागची मुलगी दिसू नये?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मग विद्यार्थ्यानं स्वतःचा एकटेपणा लिहूच नये का? जरूर लिहावा. रात्री दोन वाजता स्क्रीनवर फिरणारं बोट थांबत नाही, तो त्रास खरा आहे. पण त्यालाही कर्ता आहे. ते बोट थांबू नये म्हणून कोणीतरी पगार घेऊन तो पडदा न संपणारा केला आहे. विद्यार्थी मात्र स्वतःच्या इच्छाशक्तीला शिव्या देतो आणि फोन कपाटात ठेवतो. ‘आला’ हे क्रियापद कामगाराला लपवतं, तसंच मालकालाही लपवतं. उरतो एकटा, शरमिंदा वापरणारा.

म्हणून संपादकांना आणि तरुण लेखकांना एक सुचवते. पुढच्या लेखात जिथे ‘मोबाईल आला’ असं लिहाल, तिथे ‘मोबाईल बनवला’ असं लिहून पाहा. वाक्य लगेच अडेल. कोणी बनवला, असं विचारेल. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.